गुगल फॉर्म पाठवायच्या आधी हे वाचा: व्हेरिएबल, मोजमापाची स्केल आणि तुमच्या डिझर्टेशनचा डेटा

दरवर्षी डिसेंबर-जानेवारी आला की पुण्यातल्या झाडून सगळ्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सायकॉलॉजीच्या एमएवाल्यांचे गुगल फॉर्म फिरायला लागतात, पाचच मिनिटं लागतील, प्लीज भरा ना, रिसर्चसाठी आहे वगैरे, आणि महिनाभराने तीच मुलंमुली एक्सेलची शीट घेऊन विचारत येतात की ताई, आता याला टेस्ट कुठली लावायची. खरं तर फॉर्ममधला प्रश्न टाइप केला तेव्हाच ते बऱ्यापैकी ठरून गेलेलं असतं. डेटा एकदा गोळा झाला की हातात फारसं काही राहत नाही, कारण दोनशे लोकांना परत गाठून 'तुम्ही तेव्हा ४ ते ६ तास टिक केलं होतं ते नक्की किती' असं कोण विचारणार. म्हणून व्हेरिएबल आणि स्केलचा धडा परीक्षेपुरता पाठ करायचा नसतो, तो फॉर्म बनवताना समोर उघडा ठेवायचा असतो, आणि तो कसा वापरायचा तेवढंच इथे सांगतेय.

उदाहरण एकच धरू म्हणजे गोंधळ नको. समजा तुम्ही सदाशिव पेठ, नारायण पेठेतल्या अभ्यासिकांमध्ये बसून एमपीएससी करणाऱ्या मुलामुलींचा अभ्यास करताय, विषय झोप आणि ताण.

आधी व्हेरिएबल म्हणजे काय ते

माणसागणिक किंवा वेळेगणिक जे बदलतं ते व्हेरिएबल, मराठी पुस्तकात चल किंवा परिवर्त्य. जे बदलत नाही ते कॉन्स्टंट. इतकं सोपं आहे, तरी यात एक जागा अशी आहे की जिथे लोक हमखास अडकतात. तुम्ही फक्त मुलींच्या अभ्यासिकेत जाऊन डेटा आणलात तर जेंडर हा तुमच्यासाठी व्हेरिएबल राहिलाच नाही, सगळ्यांचं उत्तर एकच आहे, त्याचा कशाशीच संबंध काढता येणार नाही. म्हणजे व्हेरिएबल आहे की नाही हे पुस्तकावरून नाही, तुमच्या सॅम्पलवरून ठरतं. सिनॉप्सिसमध्ये 'जेंडर डिफरन्सेस' लिहायचं आणि डेटा मात्र एकाच होस्टेलमधून आणायचा, असं होऊ देऊ नका.

दुसरं म्हणजे 'ताण' हे काही शीटमध्ये भरता येत नाही. ताण दिसत नाही, दिसतो तो कुठल्या तरी प्रश्नावलीवरचा स्कोअर, किंवा लाळेतलं कॉर्टिसॉल हे ताणाशी संबंधित हार्मोन, किंवा 'गेल्या आठवड्यात किती वेळा डोकं दुखलं' याचं उत्तर. यातलं तुम्ही नक्की काय घेणार हे लिहून ठेवणं म्हणजे ऑपरेशनल डेफिनिशन. आपण इथे परसीव्ह्ड स्ट्रेस स्केल धरू, कोहेन आणि सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये आणली, तिचं दहा प्रश्नांचं रूप सगळ्यात जास्त वापरलं जातं, प्रत्येक उत्तराला ० ते ४ गुण, एकूण ० ते ४०. त्यातले चार प्रश्न उलटे आहेत, म्हणजे 'सगळं आपल्या मनासारखं चाललंय असं किती वेळा वाटलं' या छापाचे, तिथे ० चे ४, १ चे ३ असं फिरवून मगच बेरीज करायची. हे फिरवायचं राहिलं तर पुढचं सगळं गणित बरोबर असूनही उत्तर चुकणार, आणि सॉफ्टवेअर काही म्हणणार नाही.

इंडिपेंडंट आणि डिपेंडंट हा वाद तर कायमचाच. खरा इंडिपेंडंट व्हेरिएबल तोच जो तुम्ही स्वतः बदलता आणि कोणाला कुठल्या गटात टाकायचं हेही तुम्ही ठरवता. समजा गणपतीच्या आधी नदीपात्रात ढोल-ताशा पथकांचा सराव चालतो त्याचं रेकॉर्डिंग घेतलंत, चिठ्ठ्या टाकून अर्ध्या मुलांना ते ऐकवत वीस शब्दांची यादी पाठ करायला दिली आणि अर्ध्यांना शांततेत. आवाज हा इंडिपेंडंट, त्याच्या दोन लेव्हल, आणि किती शब्द आठवले हा डिपेंडंट. आता शांततेवाली मुलं सगळी सकाळी बोलावली आणि ढोलवाली संध्याकाळी क्लास करून दमून आली, तर फरक आवाजाने पडला की थकव्याने हे कोणालाच कळणार नाही, हाच तो कन्फाउंडिंग व्हेरिएबल. पण सर्व्हेमध्ये तुम्ही काहीच बदलत नाही. जेंडर, वय, गाव कुठलं, किती अटेम्प्ट झाले हे माणूस आधीच घेऊन येतो. त्याला इंडिपेंडंट व्हेरिएबल म्हणायची आपल्याकडे सवय आहे, पण व्हायव्हाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, बाहेरून आलेले परीक्षक नेमकं हेच धरतात की तुम्ही जेंडर मॅनिप्युलेट कसं केलं. सब्जेक्ट व्हेरिएबल किंवा प्रेडिक्टर म्हणा, आणि निष्कर्षात 'झोपेमुळे ताण कमी झाला' न लिहिता 'जास्त झोपणाऱ्यांमध्ये ताण कमी आढळला' एवढंच लिहा. ताणामुळे झोप उडते हेही तितकंच शक्य आहे.

आता स्केल

नॉमिनल, ऑर्डिनल, इंटरव्हल आणि रेशो हा चार स्केलचा तक्ता हार्वर्डचे मानसशास्त्रज्ञ एस. एस. स्टीव्हन्स यांनी १९४६ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात मांडला. त्यामागची गोष्ट बहुतेक गाइड-बुकांत नसते, पण ती माहीत असली की तक्ता पाठ करावा लागत नाही. ब्रिटिश असोसिएशन या विज्ञानसंस्थेची एक समिती १९३२ पासून याच प्रश्नावर बसली होती की माणसाला जे जाणवतं ते मोजता येतं का, आणि १९४० च्या शेवटच्या अहवालापर्यंत त्यांचं एकमत झालं नाही. वादाच्या मध्यभागी होती आवाज किती मोठा वाटतो हे मोजणारी सोन नावाची पट्टी, जी स्टीव्हन्सचीच. भौतिकशास्त्रवाल्यांचं म्हणणं असं की एक वाटणं दुसऱ्या वाटण्यापुढे जोडून लांबी मोजता येत नाही, मग हे मोजमाप कसलं. स्टीव्हन्सनी उत्तर दिलं की मोजमाप एकाच प्रकारचं नसतं, ठरलेल्या नियमाने आकडे दिले की ते मोजमापच, फक्त नियम कुठला त्यावर त्या आकड्यांचं पुढे काय करायचं ते ठरतं.

म्हणून प्रत्येक कॉलमला एकच प्रश्न विचारा: या आकड्यांशी मी काय केलं तर अर्थ बिघडणार नाही?

नॉमिनल सगळ्यात सोपी. आकडा फक्त नाव आहे. पीएमपीएमएलच्या बसचा रूट नंबर, गाडीचं एमएच १२ की एमएच १४, रोल नंबर, पिनकोड. डेक्कनचा पिन ४११००४ आणि कोथरूडचा ४११०३८, सरासरी काढली तर ४११०२१ येते, तो पिनकोड आहे खरा पण भलत्याच भागाचा, आणि तुमच्या सॅम्पलमधलं कोणी तिथे राहतही नसेल. आकडे आपापसात बदलले, १ चं २ आणि २ चं १ केलं, तरी काही बिघडत नाही, हीच नॉमिनलची ओळख. इथे संख्या मोजा, टक्के काढा, मोड म्हणजे सगळ्यात जास्त वेळा आलेलं उत्तर सांगा, दोन नॉमिनल कॉलमचा संबंध बघायचा तर काय-स्क्वेअर टेस्ट. जेंडरला १ आणि २ कोड देऊन सरासरी १.६ आली असं रिपोर्टमध्ये छापू नका. पण ० आणि १ दिलंत तर सरासरी ०.६ म्हणजे १ कोडवाले ६० टक्के, हे मात्र चालतं, म्हणून दोनच पर्याय असतील तर कोड ०-१ द्यायची सवय लावा, पुढे रिग्रेशनला, म्हणजे एका गोष्टीवरून दुसरीचा अंदाज काढायला, पण सोयीचं जातं.

ऑर्डिनलमध्ये क्रम येतो. अभ्यासिकेत कोणालाही विचारा, उत्तर असंच येतं: अजून प्री निघाली नाही, प्री निघाली, मेन्स निघाली, निवड झाली. ०, १, २, ३ असे कोड देता येतील, वरचा आकडा म्हणजे पुढचा टप्पा हे नक्की, पण प्री ते मेन्स आणि मेन्स ते निवड ही अंतरं सारखी आहेत असं तिथे बसलेल्या एकाला तरी सांगून बघा. मेरिट लिस्टमधली रँक पण तशीच, पहिल्या आणि दुसऱ्यात अर्ध्या मार्काचा फरक असेल आणि दुसऱ्या-तिसऱ्यात सहाचा, रँकमध्ये दोन्हीकडे फरक एकचाच दिसतो.

ऑर्डिनलवर सरासरी का काढू नये हे नुसतं सांगून पटत नाही म्हणून एकदा हाताने करून बघा. दोन मेस घ्या, प्रत्येकी पाच मुलांना विचारलं जेवण कसं वाटतं, १ म्हणजे अजिबात नाही आवडत, ५ म्हणजे फारच आवडतं. पहिल्या मेसवाल्या पाचही जणांनी ३ दिले. दुसऱ्या मेसची उत्तरं १, १, २, ५, ५. पहिलीची सरासरी ३, दुसरीची १४ भागिले ५ म्हणजे २.८. पहिली मेस बरी ठरली. आता कोणीतरी म्हणालं की 'फारच आवडतं' हे नुसत्या 'आवडतं'पेक्षा खूप वरचं आहे, त्याला ५ ऐवजी ८ द्या. क्रम तोच राहिला, कोणाचंही उत्तर बदललं नाही. पहिली अजूनही ३, दुसरी मात्र १, १, २, ८, ८ म्हणजे २० भागिले ५, सरासरी ४. निकाल फिरला! ५ द्यायचा की ८ हे ठरवायला तुमच्याकडे कसलाच आधार नव्हता, म्हणजे सरासरीवरून काढलेला निष्कर्ष मुलांच्या उत्तरातून आलाच नव्हता, तो तुमच्या कोडिंगमधून आला होता. मीडियन, म्हणजे क्रमाने लावल्यावर बरोबर मधला येणारा आकडा, बघा, पहिलीचा ३, दुसरीचा २, दोन्ही वेळा तेच. क्रम न मोडता आकडे कसेही ताणले तरी जे टिकतं तेच ऑर्डिनलवर वापरायचं, म्हणजे मीडियन, पर्सेंटाइल, रँकवरून संबंध बघणारा स्पिअरमन, रँकवरून दोन गटांची तुलना करणारी मॅन-व्हिटनी.

हे पाच-पाच आकडे वहीत एकदा लिहून काढाच, दहा लेक्चर ऐकून जे डोक्यात बसत नाही ते यात बसतं.

पर्सेंटाइलबद्दल इथेच सांगून टाकते कारण सीईटीमुळे आपल्याकडे घरोघरी पर्सेंटाइलची भाषा आहे. ५० वरून ५५ ला जाणं आणि ९४ वरून ९९ ला जाणं, दोन्हीकडे पाचच. पण ज्या टेस्टची सरासरी १०० आणि एसडी (गुण सरासरीपासून किती पसरलेत ते) १५ ठेवलेली असते, नेहमीच्या आयक्यूसारखी, तिथे घंटेच्या आकाराचा नॉर्मल कर्व्ह धरला तर ५० ते ५५ म्हणजे जेमतेम दोन गुण आणि ९४ ते ९९ म्हणजे साडेअकराच्या आसपास. मधल्या भागात माणसांची गर्दी असते, दोन गुणात शेकडो जण ओलांडले जातात, टोकाला तसं होत नाही. म्हणून पर्सेंटाइलची सरासरी काढायची नाही, शाळेतल्या मार्कांचे पर्सेंटाइल करून त्यावर टी-टेस्ट (दोन गटांच्या सरासरीची तुलना) तर अजिबात नाही, मूळ स्कोअर असेल तर तोच वापरा.

इंटरव्हल आणि रेशो यांतला फरक शून्याचा आहे, आणि तो समजायला आपल्याकडे कालनिर्णयाच्या पानावरच दोन पट्ट्या शेजारी शेजारी छापलेल्या असतात, इसवी सन आणि शके. लोकमान्य टिळकांचा जन्म जुलै १८५६ म्हणजे शके १७७८, मृत्यू १ ऑगस्ट १९२० म्हणजे शके १८४२. वजाबाकी करा, दोन्हीकडे ६४ वर्षं. अंतर पक्कं आहे, कुठल्याही पट्टीने मोजा. पण १९२० ला १८५६ ने भागलंत तर १.०३४ आणि १८४२ ला १७७८ ने भागलंत तर १.०३६, दोन वेगळी उत्तरं, आणि दोन्हींना काही अर्थ नाही, कारण शून्य कुठे ठेवायचं हे माणसांनी ठरवलंय, काळाची सुरुवात तिथे झालेली नाही. हीच इंटरव्हल स्केल. तापमानाचंही तेच. जानेवारीत पहाटे १० अंश आणि एप्रिलमध्ये दुपारी ४०, म्हणून चौपट उष्ण का? फॅरनहाइटमध्ये तेच ५० आणि १०४ होतात, दुपटीच्या जरासं वर. केल्व्हिनमध्ये २८३.१५ आणि ३१३.१५, म्हणजे जेमतेम दहा टक्क्यांनी जास्त. केल्व्हिनचं शून्य खरं आहे म्हणून पट फक्त तिथेच बोलता येते. अँडर्स सेल्सिअसने १७४२ मध्ये आपली पट्टी मांडली तेव्हा तर पाणी उकळतं तिथे ० आणि गोठतं तिथे १०० ठेवलं होतं, नंतर लोकांनी ती उलटी केली, शून्य ही किती आपल्या मर्जीची गोष्ट असते ते यावरून कळावं.

आणि वरच्या ढोलाच्या प्रयोगात आवाज डेसिबलमध्ये लिहिणार असाल तर तिथेही सांभाळा, ० डेसिबल म्हणजे आवाजच नाही असं नसतं, ती एक ठरवून घेतलेली पातळी आहे, आणि १० डेसिबल वाढले की तीव्रता दहापट होते, म्हणून ८० डेसिबल हे ४० च्या दुप्पट असं वाक्य डिझर्टेशनमध्ये कुठेही येता कामा नये.

रेशोला फार बोलायचं नाही. झोपेची मिनिटं, रिअ‍ॅक्शन टाइम, किती अटेम्प्ट झाले, अभ्यासिकेची महिन्याची फी. शून्य म्हणजे खरंच काही नाही, आठ तास हे चार तासांच्या दुप्पट, तासाची मिनिटं केली तरी दुप्पटच. फक्त एक गोष्ट. वीसपैकी ० शब्द आठवले ही शब्दांची संख्या म्हणून रेशो आहे, पण त्या मुलाची स्मरणशक्ती शून्य आहे असं नाही. स्टॅटिस्टिक्सच्या पेपरात शून्य मिळालं म्हणजे विषयाचं ज्ञान शून्य असं होत नाही, तसंच ताणाच्या स्केलवर ० आले म्हणजे ताण मुळीच नाही किंवा ३० वाल्याला १५ वाल्याच्या दुप्पट ताण आहे असंही नाही. आकडा कशाचा म्हणून वाचताय त्यावर स्केल बदलते, आणि सायकॉलॉजीत आपण बहुतेक वेळा न दिसणाऱ्या गोष्टीचा म्हणूनच वाचत असतो.

मग लिकर्टचं काय

इथे भांडणं होतात. रेन्सिस लिकर्टने १९३२ मध्ये जी पद्धत दिली ती अनेक विधानांच्या उत्तरांची बेरीज करायची होती. आपण 'पूर्ण सहमत ते पूर्ण असहमत' असा एक प्रश्न टाकला की त्यालाच लिकर्ट स्केल म्हणून मोकळे होतो, ते एक आयटम झालं. एकट्या आयटमला मी ऑर्डिनलच धरते, मेसचं गणित वर केलंय त्याच कारणासाठी. पण दहा-वीस आयटमची नीट तयार केलेली, रिलायबिलिटी, म्हणजे उत्तरं कितपत सुसंगत येतात ते, बघितलेली स्केल असेल तर तिच्या बेरजेला इंटरव्हलसारखं वागवून टी-टेस्ट, पिअर्सन (दोन आकड्यांचा सरळ रेषेतला संबंध मोजणारा) करायला माझी हरकत नसते, बहुतेक संशोधक तेच करतात, फक्त का केलं ते मेथडॉलॉजीत एका वाक्यात लिहा. मनात शंका असेल तर पिअर्सन आणि स्पिअरमन दोन्ही काढा, दोन्ही एकच सांगत असतील तर निर्धास्त व्हा, वेगळं सांगत असतील तर स्कॅटर प्लॉट, म्हणजे दोन्ही आकड्यांच्या ठिपक्यांचा आलेख, उघडा, बहुतेक वेळा एखाद-दुसरा टोकाचा आकडा किंवा वाकडी रेषा सापडते.

स्टीव्हन्सचा तक्ता म्हणजे कायदा आहे असं समजून टेस्ट निवडू नका हेही सांगायला हवं. फ्रेडरिक लॉर्डने १९५३ मध्ये फुटबॉलच्या जर्सी नंबरांवर एक छोटा लेख लिहिला, त्यात नव्या मुलांची तक्रार असते की मशीनमधून आपल्यालाच लहान लहान नंबर आले, आणि हे नशिबाने झालं की कोणी ढवळाढवळ केली हे ठरवायला संख्याशास्त्रज्ञ सरळ त्या नंबरांची सरासरी काढतो. नंबर नॉमिनल, तरी त्या प्रश्नाला सरासरी बरोबरच होती. म्हणजे प्रश्न काय आहे ते आधी, तक्ता नंतर. पण पहिल्यांदा डिझर्टेशन करणाऱ्याने आधी तक्ता पाळावा आणि मग अपवाद शोधावेत असं माझं स्पष्ट मत आहे.

फॉर्म बनवताना

वय विचारायचं तर वय विचारा, १८-२१, २२-२५ असे गट देऊ नका. आकड्याचे गट नंतर कधीही करता येतात, गटातून आकडा परत निघत नाही. 'रोज मोबाइल किती तास' याला ०-२, २-४, ४-६, ६ पेक्षा जास्त हे पर्याय मी दर दुसऱ्या फॉर्ममध्ये बघते, यात एक तर बरोबर दोन तासवाल्याने कुठे टिक करायचं ते कळत नाही, आणि रेशो व्हेरिएबल फुकटचा ऑर्डिनल झाला. अँड्रॉइडला डिजिटल वेलबीइंग आणि आयफोनला स्क्रीन टाइममध्ये आकडा दिसतो, तो बघून मिनिटांत लिहायला सांगा, लोकांच्या अंदाजापेक्षा तो कधीही बरा. उत्पन्नाचं वेगळं आहे, तिथे नेमका आकडा मागितला तर लोक फॉर्मच सोडून देतात, तिथे गट द्या आणि ऑर्डिनल म्हणूनच वापरा.

झोपेची वेळ हा मोठा सापळा आहे. किती वेळ झोपलात हे रेशो, पण किती वाजता झोपलात हे घड्याळ, आणि घड्याळ गोल फिरतं. एक मुलगी रात्री ११ ला झोपते, एक मुलगा रात्री १ ला. एक्सेलमध्ये २३:०० आणि ०१:०० टाकून सरासरी काढा, दुपारचे १२ येतात! अभ्यासिका रात्रभर उघड्या असतात त्यामुळे तुमच्या सॅम्पलमध्ये मध्यरात्रीनंतरची उत्तरं भरपूर येणार. उपाय साधा आहे, संध्याकाळी ६ पासून किती मिनिटांनी झोपले ते काढा, ११ चे ३००, १ चे ४२०, सरासरी ३६०, म्हणजे रात्रीचे १२. कॉलमला नाव पण तसंच द्या म्हणजे नंतर विसरायला होणार नाही.

डिस्क्रीट आणि कंटिन्युअस याचा त्रास इतका नाही. अटेम्प्ट दोन असतात किंवा तीन, अडीच नसतात. झोप मात्र कितीही बारीक मोजता येते, आपण गोल करून लिहितो एवढंच, त्यामुळे '७ तास' हे जवळच्या तासापर्यंत लिहिलं असेल तर खरं म्हणजे साडेसहा ते साडेसात यांतलं काहीही. याला रिअल लिमिट्स म्हणतात, परीक्षेत दोन मार्कांना असतं. व्यवहारात याचा अर्थ इतकाच की अर्ध्या तासाच्या फरकावर थिसिस उभा करायचा असेल तर उत्तर तासात मागू नका.

'सांगता येत नाही' हा पर्याय ठेवलात तर ठेवा, पण त्याला ६ किंवा ९ कोड देऊन तसाच सोडू नका. पाचच्या स्केलवर चार-पाच जणांचे ९ मिसळले की सरासरी वर सरकते, आणि आउटपुटमध्ये ते लगेच लक्षात येत नाही. एसपीएसएस या स्टॅटिस्टिक्सच्या सॉफ्टवेअरमध्ये व्हेरिएबल व्ह्यूला मिसिंगचा कॉलम आहे, तिथे ९ नोंदवून टाका. तिथेच मेझर नावाचा कॉलम दिसेल, त्यात चार नाहीत तीनच पर्याय आहेत, नॉमिनल, ऑर्डिनल आणि स्केल, इंटरव्हल-रेशो दोन्ही 'स्केल'मध्येच येतात. जामोवी किंवा जास्प वापरत असाल, दोन्ही फुकट आहेत आणि एमएच्या कामाला पुरून उरतात, तिथेही साधारण असंच. डेटा आल्यावर पहिलं काम हा कॉलम ओळीने नीट करायचा, कारण सॉफ्टवेअर आकडे बघून स्वतःच अंदाज बांधतं आणि पिनकोडला खुशाल स्केल ठरवतं.

आणि फॉर्म ग्रुपवर टाकायच्या आधी अभ्यासिकेतल्या चार-पाच ओळखीच्यांना भरायला द्या आणि त्यांच्या देखत रिस्पॉन्सची शीट उघडा. 'किती तास झोपता' या कॉलममध्ये 'सात-साडेसात', '६ ते ७', 'डिपेंड्स', 'परीक्षा असेल तर ५' असं काय काय येतं ते बघा. दोनशे ओळी आल्यावर हे साफ करत बसण्यापेक्षा प्रश्न बदला, 'काल रात्री किती तास झोपलात, फक्त आकडा, अर्धा तास असेल तर .५', आणि त्या प्रश्नाच्या तीन टिंबांवर क्लिक करून रिस्पॉन्स व्हॅलिडेशन चालू करा, नंबर निवडा, मग बिट्वीन, आणि ० ते २४ टाका.